पद्मिनी घाटात मिसिंग मारते: दोन महिन्यांच्या नोंदी

गाडी १९८२ ची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल. मिसिंग म्हणजे इंजिन मधूनमधून पेट न घेता झटके देणं. बाबांनी नवी घेतलेली, तेव्हापासून घरातच आहे. इंजिन तेच जुन्या फियाट ११०० चं, १०८९ सीसी, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५. पॉइंटवाला डिस्ट्रीब्युटर (प्लगना आळीपाळीने करंट वाटणारा; त्यातले पॉइंट उघडले की कॉइलमध्ये ठिणगीचा करंट तयार होतो), सोलेक्स कार्बोरेटर, मेकॅनिकल पेट्रोल पंप. चौदा महिने रिस्टोरेशन चाललं, इंजिन बोअर करून नवे पिस्टन रिंगा, वायरिंग नवं, टाकी आतून कोट केलेली, इग्निशनचे जवळजवळ सगळे पार्ट नवे. नोंदी त्या त्या दिवशी लिहिल्यात, नंतर चुकीचं निघालेलंही पुसलेलं नाही. ज्यांची जुनी गाडी अजून पॉइंटवर चालते त्यांना कामाला येतील.

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

रनिंग-इनचे, म्हणजे नवं बांधलेलं इंजिन हळू चालवून रुळवायचे, हजार किलोमीटर काल पूर्ण झाले. आजवर गाडी ५० च्या वर नेली नव्हती आणि पुणे शहराबाहेर चढावर तर नाहीच. आज सकाळी सहाला कात्रजच्या जुन्या घाटात घातली. सपाटीला मऊ चालत होती, स्लोला इंजिनचा आवाज एकसारखा, न्यूट्रलला रेस दिली तरी एकही ठोका चुकत नाही. चढ लागला, तिसऱ्या गिअरला अर्ध्याच्या वर ॲक्सिलेटर दाबला आणि झटके सुरू. फट... फट फट... मागे सायलेन्सरमधून एकदा मोठा फटाका. पाय काढला की बंद, परत दाबला की परत चालू. दुसऱ्या गिअरला हळू हळू जुन्या बोगद्यापर्यंत नेली, तिथे तर बंदच पडायला आली होती. पाच मिनिटं थांबलो आणि परत अशी सुरू झाली की जणू काहीच झालं नव्हतं.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "करंट बघ आधी." मी ऐकलं नाही, मला कार्बोरेटर वाटत होता.

१५ ऑक्टोबर

ऑफिसमुळे वेळ नव्हता म्हणून गाडी जवळच्या एका गॅरेजला दिली. त्यांनी कार्बोरेटर साफ केला, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) हलवलं, २२०० रुपये घेतले आणि सोसायटीच्या रस्त्यावर एक चक्कर मारून "झालं साहेब" म्हणाले. ही चूक माझी, मी त्यांना घाटात चालवून दाखवा असं सांगायला हवं होतं. लोडला येणारं मिसिंग गल्लीत कधीच दिसत नाही. संध्याकाळी चढावर नेली, काडीचा फरक नाही, उलट टायमिंग इतकं पुढे नेलेलं की चौथ्याला खडखड यायला लागली. रात्री बसून टायमिंग परत मॅन्युअलप्रमाणे लावलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

सुट्टी होती म्हणून इंजिनच आधी तपासून घेतलं, म्हणजे तो संशय एकदाचा संपेल. चारही प्लग काढून, ॲक्सिलेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन घेतलं: १३०, १२८, १२५, १३० पीएसआय. छान आहे. टॅपेट (व्हॉल्वची फट) थंड इंजिनवर परत सेट केले, एक घट्ट निघाला पण अगदी थोडासा.

प्लगचा रंग मात्र चारही सिलिंडरला पांढुरका. चहासारखा तांबूस रंग यायला हवा. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, असं मी धरलं आणि परत कार्बोरेटरच्याच मागे लागलो. (नंतर जोडलेलं: हा निष्कर्ष अर्धा बरोबर होता, त्यानेच जास्त दिवस घालवले.)

१९ ऑक्टोबर, रविवार

६५० रुपयांचं कार्बोरेटर किट आणून पूर्ण कार्बोरेटर खोलला. आत चकाचक होता, गॅरेजवाल्यांनी साफ तरी नीट केला होता. मग किट बसवलं, कारण आणलंच होतं. नवी नीडल व्हॉल्व (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी) पेट्रोल धरेना, स्टार्ट केल्यावर दोन मिनिटांत कार्बोरेटरच्या गळ्यातून पेट्रोल बाहेर आणि खाली गरम मॅनिफोल्ड. तसाच बंद केला. काठावर नखाने चाचपून बघितलं तर नव्या नीडलच्या टोकाला बारीक करवत लागत होती, जुनीचं टोक गुळगुळीत. जुनीच धुऊन परत टाकली, गळती बंद. चार तास गेले. यापुढे इंजिन गरम असताना पेट्रोलचं काहीही खोलणार नाही आणि अग्निशामक सिलिंडर शेजारी ठेवल्याशिवाय तर नाहीच नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीज काल झाली, आज नाना पेठेतली दुकानं उघडली. एकदमच डिस्ट्रीब्युटर कॅप, प्लग वायरचा सेट, पॉइंट आणि कंडेन्सर घेतला, १७५० रुपये. प्लगही नवे, ५६०. आदल्या रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालवलं होतं, तेव्हा तीन नंबरच्या वायरवरून ब्लॉककडे निळी बारीक ठिणगी उडताना दिसली होती, म्हणून उत्साह होता. ज्यांनी हे करून पाहिलं नसेल त्यांनी जरूर पाहावं, मिट्ट काळोख हवा, पार्किंगचे दिवेसुद्धा नकोत, वायरवर पाण्याचा हलका फवारा मारला तर अजून स्पष्ट दिसतं.

रोटर (कॅपच्या आत फिरून मधल्या वायरचा करंट एकेका प्लगच्या वायरला पोचवणारा तुकडा) बदलला नाही. तो रिस्टोरेशनच्या वेळी नवा टाकलेला, पितळ चकचकीत, कुठे तडा नाही. दुकानदाराने विचारलंही, "रोटर?" मी म्हणालो, "नवाच आहे."

पॉइंटची फट ०.४० मिमी, प्लगची ०.६०. कॉइल मीटरवर ३.१ ओहम, ठीक. वायर लावताना दोन आणि तीन उलटे लावले, फायरिंग ऑर्डर १-३-४-२ तोंडपाठ आहे पण कॅपवर मोजताना दिशा उलटी धरली. इंजिन दोन सिलिंडरवर धडधडत चालू झालं, अर्धा तास वाटलं पॉइंटमध्येच गडबड आहे. एक वायर काढायची, तीच लावायची, मग पुढची, असं केलं असतं तर हा अर्धा तास वाचला असता.

२६ ऑक्टोबर, रविवार

परत कात्रज. पहिली दोन वळणं चढल्यावर वाटलं सुटलं. मग परत.

पण आज पुतण्या शेजारी बसला होता, त्याला वही पेन दिलं होतं, कुठल्या गिअरला, किती वेगाला, किती वेळाने काय होतं ते लिहायला. घरी येऊन वही बघितली तेव्हा पहिल्यांदा उमगलं की त्रास दोन आहेत. एक, पाय जोरात दाबला की लगेच, त्या क्षणी, तोडल्यासारखे कोरडे झटके, पाय उचलला की त्याच क्षणी गायब. आणि दुसरा वेगळाच, एकसारखा चढ दोन-अडीच मिनिटं चढल्यावर इंजिनचा दम कोंडल्यासारखा होतो, हळूहळू ताकद जाते, झटके नाहीत, नुसतं विझत जातं, थांबून पाच मिनिटं दिली की परत ठीक. दोन्ही एकाच घाटात एकामागून एक येत होते म्हणून मी दोन आठवडे दोघांना एकच रोग समजत होतो. एकावर इलाज केला की दुसरा शिल्लक, म्हणजे इलाज चुकला असं वाटून पुढे जायचो.

ठरवलं, आधी विझणारा घ्यायचा. तो पेट्रोलचाच, कारण वेळ लागतो आणि थांबलं की भरून येतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

टाकीकडून येणारी नळी पंपापासून सोडवून तिथे वेगळ्या नळीने पाच लिटरच्या झाकणबंद धातूच्या कॅनमधून पेट्रोल दिलं. कॅन पुढे बॉनेटखाली किंवा सीटवर ठेवू नका, मी मागे डिकीत पट्ट्याने बांधून ठेवला, नळी खालून नेली, आणि फक्त ही एक चाचणी करून लगेच काढला. घाट पूर्ण चढलो. झटके होते, विझणं नव्हतं. म्हणजे पंप ठीक, कार्बोरेटरही ठीक, दोष टाकीत नाहीतर टाकीच्या नळीत.

२ नोव्हेंबर, रविवार

टाकी रिकामी करून उतरवली. बॅटरी टॉर्चने आत बघितलं आणि वाईट वाटलं. रिस्टोरेशनला आतून जो कोट दिला होता तो सुटलाय. कांद्याच्या पातळ पापुद्र्यासारखे फिकट करडे तुकडे तळाला साचलेले, बोटात धरला की रबरासारखा वाकतो, तुटत नाही. पेट्रोल ओढायच्या नळीच्या टोकाला जाळी असते तिच्यावर हेच पापुद्रे चिकटलेले. गाडी उभी राहिली की ते सुटून खाली बसायचे, म्हणून पाच मिनिटांनी परत चालू. सपाटीला ओढ कमी म्हणून कळायचं नाही.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि माझ्या टाकीतला कोट इथेनॉलला टिकणारा नव्हता. डब्यावर काय लिहिलंय ते मी तेव्हा वाचलंच नव्हतं. टाकीपासून पंपापर्यंतची रबरी नळीही आतून फुगलेली, कापून बघितली तर भोक निम्मं राहिलं होतं.

८ आणि ९ नोव्हेंबर

थिनर टाकून आत मूठभर नट आणि साखळीचा तुकडा घालून टाकी हलवली. एक दिवस पूर्ण गेला, खांदे भरून आले, तरी निम्मा कोट तसाच. दुसऱ्या दिवशी रेडिएटरवाल्याकडे नेली. त्यांनी पाणी भरून ओतून, परत भरून, असं तीन वेळा केलं आणि मगच एका बाजूने कापली, खरवडली, पाण्याने दाबून गळती बघितली, परत जोडली. १८०० रुपये. पेट्रोलची टाकी घरी कुणीही तापवू नये, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त धोक्याची असते.

नवा कोट दिला नाही. टाकी अर्ध्याच्या वर भरलेली ठेवायची आणि महिन्याला निदान दोनदा चालवायची असं ठरवलंय. रबरी नळी सगळी बदलली, एसएई जे३० आर९ असं छापलेली घेतली, इथेनॉलला चालते, ९०० रुपये झाले, साध्या नळीच्या कितीतरी पट. पंपाच्या आधी एक पारदर्शक फिल्टर घातला, त्यात कचरा दिसतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कात्रज, पूर्ण घाट, दोनदा. विझणं संपलं. झटके तसेच. पण आता फक्त झटकेच आहेत, त्यामुळे डोकं शांत झालं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस सविस्तर लिहितो, कारण खरी चावी इथे आहे.

टायमिंग लाइट विकत आणली, १९०० रुपये. तिचा चिमटा ज्या वायरला लावाल त्या वायरमधून करंट गेला की लाइट चमकते. तिची केबल बॉनेटच्या फटीतून काढून पुढच्या दाराच्या त्रिकोणी काचेतून आत घेतली, टेपने बांधली, पंख्यापासून लांब. संध्याकाळी साडेसहाला निघालो, पुतण्या लाइट मांडीवर धरून खाली तोंड करून बसला, माझ्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून वरून टॉवेल.

पहिल्या फेरीला चिमटा कॉइलपासून कॅपकडे जाणाऱ्या मधल्या वायरला. झटके चालू झाले, मी ओरडून विचारतोय, "तुटतेय का?" तो म्हणतो, "नाही काका, एकसारखी आहे." झटके येतायत आणि लाइट अखंड. म्हणजे कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, आतली वायरिंग सगळं सुटलं, करंट तयार होतोय आणि कॉइलमधून बाहेरही पडतोय.

दुसऱ्या फेरीला चिमटा एक नंबर प्लगच्या वायरला. झटका आला की लाइट गायब. झटका, गायब. झटका, गायब. तिसऱ्या फेरीला तीन नंबरला, तिथेही तेच.

मधल्या वायरीतून करंट आत जातोय, प्लगच्या वायरीतून बाहेर येत नाही. मध्ये दोनच वस्तू आहेत, कॅप आणि रोटर. कॅप तीन आठवड्यांपूर्वीची, आणि एकाच सिलिंडरचा नाही तर सगळ्यांचाच करंट जातोय. उरला तो चकचकीत रोटर.

घरी येऊन लगेच बघितलं. कॅप काढून बाजूला केली, रोटर जागेवर, मधली वायर कॅपमधून काढून तिचं टोक रबरी दांड्याच्या पकडीने रोटरच्या पितळेच्या वर साधारण पाच मिमीवर धरलं आणि इग्निशन चालू ठेवून पॉइंट हाताने उघडले. रोटर चांगला असेल तर ठिणगी पडायला नको, करंटला पुढे जायला वाटच नाही. इथे ठणठणीत निळी ठिणगी पडली. चारदा केलं, चारही वेळा. म्हणजे रोटर आतून फुटलाय आणि करंट शाफ्टमधून अर्थ होतोय. रोटर उलटा करून भिंगातून बघितलं तर आतल्या स्प्रिंगपाशी, रिव्हेटच्या अगदी बुडाशी, सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका. वरून काहीच दिसत नव्हतं. अंधारातल्या चाचणीत दिसला नाही कारण हे सगळं कॅपच्या आत घडत होतं.

लोड नसताना प्लगला ठिणगी पाडायला कमी व्होल्टेज लागतं म्हणून करंट नीट प्लगपर्यंत जायचा. चढावर सिलिंडरमधला दाब वाढला की प्लगवर उडी मारणं अवघड, मग त्याला हे भोक सोपं.

बाबांना दाखवला. ते म्हणाले, "जुना टाकून दिलास का?" मी म्हणालो, माहीत नाही. ते उठले, माळ्यावरून फराळाचा पत्र्याचा डबा काढला, त्यात इंजिन खोलताना मी कचऱ्यात टाकलेले सगळे जुने पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले होते, वर त्यांच्या हातचं लिहिलेलं, "पॉइंट", "रोटर चालू स्थिती". मला माहीतच नव्हतं. रोटरचं पितळ काळं पडलेलं, टोक झिजलेलं. पॉलिश पेपरने हलकं पुसलं, तीच चाचणी घेतली. ठिणगी नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसच्या आधी पहाटे पाचला कात्रज. तिसऱ्या गिअरला पूर्ण ॲक्सिलेटर, पायथ्यापासून बोगद्यापर्यंत. एकही झटका नाही. बोगद्याच्या अलीकडे बाजूला घेऊन बंद केली आणि नुसता बसून राहिलो थोडा वेळ. ३६ दिवस झाले.

२३ नोव्हेंबर, रविवार

जुना रोटर झिजलेला आहे म्हणून तीन नवे आणले, १२० रुपयाला एक, वेगवेगळ्या दुकानांतून. बसवण्याआधी तिन्हींची वरची चाचणी घेतली. त्यातला एक पहिल्याच ठिणगीला फुटलेला निघाला, नवा कोरा, पाकिटातला. रिव्हेट लांब असलेले रोटर घेऊ नयेत असं आता वाटतं, ज्याचं पितळ साच्यातच बसवलेलं असतं आणि खाली रिव्हेट उतरत नाही तो घ्यावा. दोनातला असा एक बसवला, दुसरा डिकीत.

मला सगळ्यात जास्त महागात पडलं ते "नवाच आहे" हे वाक्य. रिस्टोर केलेल्या गाडीत सगळंच नवं असतं, त्यामुळे संशय घ्यायचा तो आधी नव्यावर. आणि चालू असलेला जुना पार्ट घरात असेल तर तोच टाकून पाहायचा, दुकानातून तिसरा नवा आणण्याआधी.

३० नोव्हेंबर, रविवार

प्लग अजून पांढुरके. झटके नाहीत, ताकद आहे, पण लांब चढाला इंजिन गरम होतं. इथेनॉलवाल्या पेट्रोलला तेवढ्याच हवेसाठी पेट्रोल जास्त लागतं, आणि जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा तुकडा) तर जुन्या पेट्रोलच्या हिशोबाचा. मेन जेट पाच नंबरने मोठा टाकला, २५० रुपये. जेटवरचा नंबर म्हणजे भोकाचं माप, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, त्यामुळे पाच नंबर म्हणजे ०.०५ मिमी. पिन घालून भोक मोठं करू नका, माप राहत नाही आणि परत मागे येता येत नाही. दीडशे किलोमीटर चालवून प्लग काढले, फिकट बिस्किटी. अजून मोठा नको.

१४ डिसेंबर, रविवार

बाबांना घेऊन वाईला. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट, चार माणसं, डिकी भरलेली, ऊन अकराचं. चौथ्याने सुरुवात केली, मग तिसरा, तिसऱ्यावरच वरपर्यंत. मागे ट्रक होते म्हणून पाय उचलायला जागाच नव्हती, आणि उचलावा लागलाही नाही. तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या थोडा वर जाऊन थांबला. बाबा पूर्ण घाटभर बोलले नाहीत, कान इंजिनकडे. वर आल्यावर म्हणाले, "चौथा टाक आता."

खर्च एकूण १०,३७० रुपये, पेट्रोल सोडून. खरं लागलेलं काम टाकी १८००, नळी ९००, प्लग वायर ६००, रोटर १२०, जेट २५०, म्हणजे ३६७०. लाइटचे १९०० वाया गेले असं म्हणणार नाही, तिच्याशिवाय अजून कॅपच बदलत बसलो असतो.

राहिलेलं: पारदर्शक फिल्टरमध्ये आज दोन करडे पापुद्रे दिसले, टाकीपासूनच्या पत्र्याच्या लाइनमध्ये कुठेतरी जुने अडकलेले असणार. पुढच्या रविवारी ती लाइन हवेने साफ करायची आहे. फुटलेला रोटर त्याच डब्यात ठेवलाय, कागदावर "फुटका, वापरू नये" असं लिहून.